बाबांच्या गाण्यातल्या शांततेसाठी साउथहॅम्प्टन

जायचं ठरवलं ते बाबांशी झालेलं भांडण मिटवायला. बाबा मागच्या हिवाळ्यात गेले, त्यामुळे मिटवायचं आता मला एकटीलाच. तरुणपणी ते साउथहॅम्प्टनच्या एका पंक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. त्यांचं एकच गाणं गाजलं, तेही मधल्या सहा सेकंदांच्या शांततेमुळे. वर्णद्वेषी टोळ्यांचा रस्त्यावर मार खाल्लेल्यांसाठी ती शांतता, असं चाहते मानतात. बँडमधले म्हणायचे, ड्रमर घाबरून थांबला. बाबाही तेच सांगत. "तुम्ही भित्रेच आहात," असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. ते नुसते हसले होते.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून ट्रेनने सव्वा तास. तिकीट आधीच काढा, आयत्या वेळी भलतंच महाग पडतं. पुढे बंदराकडे वीस मिनिटं चालायचं. वाटेत चिप्स घ्या, पण व्हिनेगर बेतानं टाकायला सांगा.

स्टुडिओ म्हणजे एका गोदामाखालचं तळघर. भिंतींना अजून जुन्या गाद्या ठोकलेल्या. मी "हॅलो" म्हटलं तर तो शब्द तोंडातून निघताच कुणीतरी गिळल्यासारखा झाला.

गाणं रेकॉर्ड करणारे डेनिस आता ऐंशीच्या घरात आहेत. जुनी टेप चिकट होते, तशीच लावली तर आवाज खरवडून निघतो. म्हणून त्यांनी ती आदल्या दिवशी मंद ओव्हनमध्ये आठ तास भाजून ठेवली होती.

"पंक म्हणजे वन टेक, लव्ह," ते म्हणाले. "मध्ये काही झालं तरी मशीन बंद करायचं नाही. रेकॉर्डसाठी मी मधलं कापून सहा सेकंद कोरे ठेवले. इथे सगळं आहे."

त्यांनी टेप लावली. मध्येच गाणं थांबलं. लोखंडी दारावर दगड आपटला, मग आणखी तीन-चार. दाराकडे धावणारी पावलं. कडी सरकली. आणि बाबांचा विशीतला आवाज, "आत ये. लवकर!" कुणीतरी मुलगी धापा टाकत होती. कडी लागली, पावलं परत आली, ड्रम सुरू.

"तिचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, असं प्रॉमिस घेतलं तुझ्या डॅडनं," डेनिस म्हणाले. "म्हणाला, विचारलं तर सांगा, मी घाबरलो."

ती टेप मी फोनवर रेकॉर्ड करून घेतली. ट्रेनमध्ये मी रडत होते. बाबा, चुकलंच माझं.

संध्याकाळी इल्फर्डला घरी पोचले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. काही न सांगता फोनवरचं ते रेकॉर्डिंग लावलं. लाटणं थांबलं.

"चौघं मागे लागले होते माझ्या," ती हळूच म्हणाली. "लग्नाआधी यांना चोरून भेटायला जाते, हे दादाला कळलं असतं तर कॉलेज बंद करून पुण्याला धाडलं असतं मला. परत लाव गं."

परत लावलं.

"आत ये. लवकर!"

"आले हो," आई म्हणाली. पिठाचे हात पदराला पुसत ती सरळ पॅसेजमध्ये गेली. मी फोन बंद करून मागे धावले तेव्हा तिचा हात पुढच्या दाराच्या कडीवर होता.

भांडण मिटलं. गाणं मात्र मी आता आई घरात असताना लावत नाही.