जोडीची पाचर

वसुधा खारोडे बाजेवर आडवी होते ती फक्त पाठ टेकायला. जेवण झालंय, शेडचे पत्रे तापलेत, कूलरची मोटर एका सुरात घरघरतेय. टेबलावर दादाची पाचर आहे आणि तिच्याशेजारी वसुधाने आज सकाळी केलेली पाचर. दोघींचं जमत नाही.

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ रत्नाकर. अमरावतीतल्या या शेडमध्ये तो आयुष्यभर धनुष्यं करत आला, आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर वसुधा त्याच्या हाताखाली आली. होळीनंतर तो गेला.

धनुष्याला दोन पाती असतात, मुठीच्या वर एक, खाली एक. प्रत्येक पातं म्हणजे बांबूच्या एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्या. मुठीजवळ त्या पट्ट्यांच्या मध्ये धामणीच्या लाकडाची एक निमुळती पाचर बसते. मुठीशी ती नाण्याएवढी जाड असते आणि पुढे पातळ होत कागदासारखी संपते. दोन्ही पाती सारखी वाकायला हवीत, म्हणून दोन्ही पाचरी एकाच फळीतून, शेजारी-शेजारी कापायच्या. त्याला दादा जोड म्हणायचा. शेवटच्या धनुष्यासाठी त्याने एकच पाचर केली होती. दुसरी वसुधा करू पाहते आहे.

ते धनुष्य अश्विनी धुर्वेचं आहे. ती मेळघाटात वनरक्षक आहे. उजवा खांदा निखळून बसवलेला, त्यामुळे तिला हलकं आणि सरळ ओढणारं धनुष्य हवं. खात्याच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. एक पातं लवकर वाकलं की धनुष्य ओढताना हातात फिरतं आणि तो पीळ खांद्यावर येतो. काल तिचा फोन आला होता. “मॅडम, घाई नाही,” असं ती म्हणाली, आणि घाई आहे हे आवाजात होतं.

कूलरचा सूर बारीक होतो. मग त्यात मधेच खंड पडू लागतो. एक लांब खरवड, थांबणं, पुन्हा एक लांब खरवड. ही रंध्याची लय आहे. घरात रंधा चालवणारं आता दुसरं कोणी नाही, म्हणून ती डोळे उघडत नाही. न उघडताही दिसतं.

“झोपली काय व, वसू?”

“पाठ टेकली.”

“घोरत होती.”

“मी घोरत नाही.”

“बरं. मंग कूलर घोरत असंन.”

दादा टेबलाशी उभा आहे. अर्ध्या बाह्यांची बनियन, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. तो रंधा मारतोय, पण खाली ढलप्या पडत नाहीत. वसुधा ते पाहते आणि मनात नोंदवते, एवढंच.

“पाणी मस्त कढत होतं,” तो म्हणतो.

कोणतं पाणी ते तिला माहीत आहे. तो गेला त्या दिवशी त्याच्या शेवटच्या आंघोळीसाठी शेजारच्या काकूने बंब पेटवला आणि शेडमधून सापडेल ते लाकूड आणलं. ज्या फळीतून जोडीची पाचर निघणार होती, तीही त्यात गेली. त्याला घालायचं पाणी त्याच्याच धामणीवर तापलं.

“रागावली काय काकूवर?”

“मनातल्या मनात.”

“नको रागावू. तिले काय माहीत, कोणतं लाकूड अन् कोणतं सरपण.”

शेडची पाठची भिंत आता कॉलेजच्या प्रयोगशाळेची आहे. बेसिनचा नळ ठिबकतोय. दादा पोरांच्या उंच स्टुलावर बसलाय, पाय खाली टेकत नाहीत. स्टँडला धनुष्य लावलंय. गोंद लावायच्या आधी ती सगळं कच्चं बांधून बघते, तसंच बांधलेलं. दोन्ही टोकांना वजनं लोंबताहेत आणि वरचं पातं खालच्यापेक्षा जास्त वाकलंय.

“माही पाचर वर, तुही खाली?”

“हो.”

“किती केल्या आतापर्यंत?”

“तीन. एक जरा जाड, एक बारीक, एक नेमकी तुझ्या मापाची.”

“अन् वरच्या पात्याचा वाक?”

“तेवढाच. त्याच जागी.”

“पोरायले काय शिकवत होती तू इथं?”

दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला ती फळ्यावर एकच वाक्य लिहायची. तिला ते पाठ आहे, तरी म्हणायला वेळ लागतो.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची.”

“तू कोणती बदलली?”

“खालची.”

“तीनही खेपा?”

“तीनही.”

दादा चष्मा पुसायला घेतो. तो जिवंत असतानाही असंच करायचा. प्रश्न ठेवायचा आणि पुसत बसायचा.

“भिंगाखाली पाह्यली होती माही पाचर?” शेवटी तो विचारतो.

“पाहिली.”

“काय दिसलं?”

“पातळ टोकाजवळ लाकडाच्या रेषा आडव्या सुटल्यात. रंधा उलटा गेलाय. तिथे ती वाकत नाही, दुमडते.”

“कधी पाह्यली?”

“तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“मंग?”

“मग काही नाही. तुझी होती.”

तो हसतो. हसताना त्याचा पडलेला दात दिसतो. “माही होती म्हणून काय सोन्याची होती? त्या दिवशी डावा हात जड झाला व. रंधा भलतीकडेच गेला. म्या म्हटलं, चहा पिऊन येतो, अन् हे फेकून नवी जोड करतो.”

“चहा ठेवला होता मी.”

“पेलो कुठं.”

“नाही.”

नळ ठिबकतो. वसुधा स्टँडवरची वजनं एकेक करून काढते, लहानापासून मोठ्याकडे, नेहमीसारखी. हाताला काम असलं की बोलता येतं.

“ती फेकली तर तुझ्या हातचं शेवटचं काही राहत नाही, दादा.”

“मोरीचं दार हाये नं माह्या हातचं. लावलं की अडकते. ते ठेव जपून.”

“थट्टा नको.”

“थट्टा नाई. त्या धुर्वेच्या पोरीच्या खांद्याले काय सांगशीन मंग? दादाची आठवण हाये, जरा सोस म्हणशीन?”

वसुधा शेवटचं वजन काढते आणि धनुष्य सरळ होतं.

स्टँड नाही, बेसिन नाही. दोघं धामणीच्या झाडाखाली बसलेत. ही जागा तिने कधी पाहिलेली नाही, पण नळ अजून ठिबकतोय. दादाच्या मांडीवर दोन पाचरी आहेत, ताज्या, पिवळट.

“हात पुढं कर. दोन्ही. डोळे मीट.”

“मिटलेलेच आहेत.”

“आणखी मीट.”

तो तिच्या एकेका तळव्यावर एकेक पाचर ठेवतो, जाड बाजू मनगटाकडे, निमुळती बोटांकडे. लाकूड कोमट आहे.

“कोणती जड?”

ती बराच वेळ तोलते. डावा हात खाली करते, उजवा वर, मग उलट.

“कळत नाही.”

“कळलं असतं तर दोन्ही फेकाले लावल्या असत्या.”

ती डोळे किलकिले करते. जाड बाजूवर पेन्सिलची बारीक खूण आहे, बाण आणि एक टिंब. दादा नुसती रेघ मारायचा. बाण आणि टिंब ही तिची पद्धत.

“या कोणी केल्या?”

“मले काय विचारतं? मले आता कुठं रंधा पेलते.” तो गुडघ्यावर हात ठेवून उठू लागतो.

“थांब. चहा ठेवते.”

“ठेव. कमी साखरेचा.”

“तुला कमी कधीपासून चालायला लागला?”

“आता काय, काहीही चालते.”

तो जाऊ नये म्हणून ती मुठी आवळते.

“अशी आवळू नको व,” त्याचा आवाज मागून येतो. “टोकं मोडतीन.”

ती डोळे उघडते. कूलर चालू आहे. ऊन पत्र्याच्या कडेवरून उतरून दाराशी आलंय. मुठी अजून मिटलेल्या आहेत. ती त्या सोडवते आणि दोन्ही तळवे उजेडात धरते.

प्रत्येक तळव्यावर मनगटापासून बोटांपर्यंत एक दबलेली खळी आहे. मनगटाशी रुंद आणि खोल, पुढे उथळ होत गेलेली. ती बाजेकडे पाहते. बाजेची दोरी तिरपी विणलेली आहे आणि वर जाड गोधडी आहे. खळ्या सरळ आहेत, कडा ताठ. ती याला काही कारण शोधते, सापडत नाही, आणि शोधणं तेवढ्यावर थांबवते, कारण बोटांकडची बाजू भरून यायला लागली आहे.

कोपऱ्यात धामणीची नवी फळी आहे. ती तिच्यावर डावा तळवा टेकवते आणि खळी जिथून सुरू होते, जिथे संपते, तिथे पेन्सिलने खुणा करते. मग उजवा तळवा शेजारी ठेवून तसंच. दोन्हीकडच्या खुणा समोरासमोर येतात. ती जाड बाजूंवर बाण आणि टिंब काढते.

तळवे उचलते तेव्हा ते कोरे झालेले असतात. फळीवर जोडीची मापं आहेत. दादाची पाचर ती टेबलावरून बाजूला सारते, जागा करते, आणि फळी शिकंज्यात आवळून करवत उचलते.