मिठागरातलं अळणी ताट

बाळकुमच्या तुळसाला लहानपणापासून फेफरं होतं. नवरा रघु खाडीकाठच्या मिठागरात राबायचा. घरी सासू ठमाबाई आणि अंगावर पिणारी रतन. एकदा तुळसा चुलीपाशी पडली, रतनच्या पायाला निखारा लागला, आणि तेव्हापासून पोर सासूच्या ताब्यात गेलं. पाजण्यापुरतं आईकडे.

ही अठराशे नव्वदच्या पुढची गोष्ट. रघु बायकोला ठाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी ब्रोमाइडची बाटली दिली. दिसायला पाणी, चवीला खारट. त्याच आठवड्यात ठमाबाई गावदेवीला नवस बोलली : फेफरं थांबव, जत्रेपर्यंत सून अळणी जेवेल.

शेजारची सगुणा हसली. "दारात मिठाच्या राशी, नि सुनेच्या भातात खडा नाय! आनि ते औषद खारट लागतं, त्याचा काय गो?"

"देवीला औषद नि मीठ वेगळं कळतं," ठमाबाई म्हणाली. "तुना नाय कळत."

फेफरं थांबलं. सासूने देवीला हात जोडले, रघुने डॉक्टरांना. तुळसा मात्र दिवसेंदिवस मंद होत गेली. तोंडावर लाल फोड उठले, श्वासाला घाण यायला लागली. बोलताना जीभ अडखळे, चालताना भिंत धरावी लागे. चुलीवर भात चढवून ती तिथेच बसून राही आणि करपल्याचा वास सासूला आधी येई. एका दुपारी रतनला पाजता पाजता तिला झोप लागली. पोर मांडीवरून घसरून भुईवर आपटलं, रडून लाल झालं, तरी तिला जाग आली नाही.

रघुने पुन्हा दवाखाना गाठला.

"फोड येतातच या औषधाने," डॉक्टर म्हणाले. "फेफरं येतं का?"

"नाय."

"मग चालू ठेवा."

घरी जेवायला काय घालता, हे त्यांनी विचारलं नाही. रघुनेही सांगितलं नाही; नवस ही घरातली बाब. मीठ तोडलं की हे औषध अंगाबाहेर जात नाही, आत साठत राहतं, आणि मीठ पोटात गेलं की ते धुऊन निघतं, हे तेव्हा त्या दवाखान्यातही कुणाला ठाऊक नव्हतं.

जत्रा झाली, नवस फिटला. तुळसाच्या ताटात सुक्या बोंबलाचं कालवण आलं. हळूहळू फोड सुकले, डोळे उघडे राहायला लागले. एका सकाळी रतनने तिचं बोट चावलं.

"आई, हिला दात कधी आला?"

"दोन आलेत. तिसरा येतोय," ठमाबाई म्हणाली.

तुळसा बराच वेळ पोरीच्या तोंडात बघत राहिली.

थोड्याच दिवसांत फेफरं येऊन ती अंगणात पडली. शुद्धीवर आली तेव्हा ठमाबाई उशाशी बसली होती.

"नवस सरला नि देवीने हात काढला. उद्यापासून परत अळणी."

"मी नाय जेवणार अळणी."

"मग पोरीला हात लावायचा नाय."

"अळणी खाऊन तरी कुठं लावीत होते? मांडीवरनं पडली ती मना नाय कळली. दात आला तो नाय कळला." तिला दम लागला. "औषद घेईन. पडायचं तर पडेन. पण पोर हातात असताना मना कळू दे."

"नि परत निखाऱ्यावर पडलीस तं?"

"तुमी बसा जवळ."

रघु दारात उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि टोपली उचलून मिठागराकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईने चुलीपासून लांब, पडवीत चटई टाकली. तुळसाला भिंतीला टेकवून बसवलं, रतनला तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतः गुडघे धरत शेजारी टेकली.

"आटप लवकर. माझी कंबर नाय नवसाला लावलेली."

तुळसा पाजत राहिली. ऊन पडवीत शिरलं, तशी ठमाबाईच पेंगायला लागली.