कायमचा चढलेला बावटा

बंदरावरच्या इशाऱ्याच्या खांबाचं काम पाहणाऱ्या माणसाला सगळी वस्ती कप्तान म्हणते. तो आयुष्यात जहाजावर चढलेला नाही. पलीकडच्या काठावर जाणाऱ्या तरीत बसला, तरी तोंडाला रुमाल लावून बसतो. पण बंदर खात्याने त्याला एकदा टोपी दिली, आणि टोपीखालच्या डोक्याने पुढचं सगळं परस्पर ठरवून टाकलं.

काम म्हणावं तर सोपं. वादळाचा निरोप फोनवर आला की खांबावर लाल बावटा चढवायचा. धोका टळल्याचा निरोप आला की उतरवायचा. एक बावटा म्हणजे समुद्रात जाऊ नका. एकाखाली एक दोन बावटे म्हणजे किनारा सोडा. दोन बावट्यांची वेळ कप्तानाच्या नोकरीत कधी आली नव्हती, त्यामुळे दुसरा बावटा कपाटात पिशवीतल्या पिशवीत घडी न मोडता पडून होता.

चढवण्याचं काम कप्तान मन लावून करी. त्या वेळी धक्क्यावर माणसं जमत, माना वर करून पाहत, आणि कप्तान टोपी सारखी करत दोर ओढी. उतरवणं पाहायला कोणीच येत नसे. धोका टळल्याची मौज कोणाला असणार? हळूहळू उतरवायला उशीर होऊ लागला, मग उतरवणं राहूनच जाऊ लागलं. कोणी टोकलं तर उत्तर तयार असे.

"बावटा वर असताना वादळ आलं नाही, तर कोणी विचारतं का? बावटा खाली असताना आलं, तर पहिला गळा कोणाचा धरतील? माझा. मग राहू दे की वर. काय खायला मागतो?"

खात्यातल्या साहेबांनाही हे पटलेलं असावं, कारण पाहणीला आलेल्या एकानेही वर पाहिल्याचं कोणाला आठवत नाही. बावटा उन्हात, पावसात, चांगल्या हवेत, वाईट हवेत फडकत राहिला. त्याचा लाल रंग उडून तो भांडी पुसायच्या फडक्यासारखा झाला.

वस्तीने त्याला स्वतःचं काम नेमून दिलं. खालच्या ओळीत, भरतीचं पाणी अंगणाशी येतं तिथे, कप्तानाची एकुलती एक लेक दिलेली आहे. जावई होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. सासू मासळी वाळवून विकते. या विहीणबाई रोज सकाळी दारात उभ्या राहून बावट्याकडे पाहत आणि वारा कुठून आहे ते ठरवून मासळीच्या जाळ्या फिरवत.

"व्याह्यांच्या नोकरीचा एवढा तरी उपयोग आहे," त्या सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. "सरकार पगार देतं त्यांना, आणि मासळी सुकते माझी."

त्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा कप्तान दाढी करत होता. साहेबांचा आवाज नेहमीसारखा कंटाळलेला नव्हता.

"दोन बावटे लावा. संध्याकाळच्या आत किनारा रिकामा झाला पाहिजे."

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून कप्तानाने खिडकीतून पाहिलं. पहिला बावटा होता तिथेच होता. त्याने खात्याचं काम बाजूला ठेवून आधी लेकीला फोन लावला. लेक ती लेकच.

"सामान भर आणि वर ये. मोठं वादळ आहे."

"बाबा, सासूबाई विचारतायत, आज काय वेगळं आहे? बावटा तर कालही होता."

"त्यांना सांग, आजचा खरा आहे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. तो लेकीचा नव्हता.

वादळाचा निरोप सगळ्यांच्या मोबाईलवरही आला होता. मोबाईलवर रोजच काही ना काही येतं. कर्ज घ्या, बक्षीस लागलं, वादळ येतंय. लोकांनी निरोप वाचला, खात्री करायला खांबाकडे पाहिलं, आणि तिथे कालच्यासारखंच आहे म्हटल्यावर जो तो आपल्या कामाला लागला.

कप्तान उतार उतरून लेकीच्या घरी गेला. जावयाने उंबऱ्यापाशी एक इंजिन खोलून ठेवलं होतं आणि त्याचे भाग फडक्यावर मांडले होते. लेक आत पिठाच्या डब्याशी उभी होती. नेसत्या वस्त्रानिशी निघायला तिची तयारी होती, पण सासूला डावलून ती उंबरा ओलांडणार नव्हती.

"या," विहीणबाई म्हणाल्या. "पाणी देऊ, की समुद्र घेऊनच आलात?"

"विहीणबाई, थट्टेची वेळ नाही. ही ओळ राहायची नाही."

"मागच्या खेपेलाही नव्हती राहायची. तुमचं ऐकून वर शाळेत जाऊन बसलो. दिवसभर बसलो. उन्हात बसलो. परत आलो तर मांजरांनी सगळी मासळी खाल्लेली. ती मांजरं तुम्हाला दुवा देत असतील अजून."

"मागचं सोडा हो."

"कसं सोडू? तुम्ही बावटा सोडलात का कधी?"

जावई मान खाली घालून हसला. कप्तानाने वर खांबाकडे पाहिलं. उत्तर त्याने स्वतःच्याच हातांनी तिथे टांगून ठेवलं होतं.

तो परत खांबापाशी आला. दुसरा बावटा पहिल्याखाली बांधायचा म्हणजे आधी पहिला खाली घ्यायला हवा, कारण दोर एकच. त्याने दोर सोडला. बावटा हलला नाही. वरची कप्पी गंजून खांबाशी एकजीव झाली होती. त्याने हिसका दिला, मग लोंबकळला. खाऱ्या हवेने कुजलेला दोर मधेच तुटला, कप्तान पाठीवर पडला आणि फडकं झालेला बावटा त्याच्या तोंडावर.

खांब मोकळा झाला. समोर समुद्र उकळायला लागलेला, खाली लेक आणि दुसरा बावटा चढवायला दोरच नाही. अशा वेळी दुसरा कोणी आरडत सुटला असता. कप्तान खांबाशेजारच्या आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. साहेबांचा फोन आला तर काय सांगायचं, याचा विचार तो करत होता.

खाली विहीणबाई जाळ्या फिरवायला बाहेर आल्या. वारा बदलल्यासारखा वाटला, म्हणून त्यांनी सवयीने वर पाहिलं. मग डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं. सून या घरात आल्यापासून त्यांनी तो खांब मोकळा पाहिला नव्हता.

"अगं, तुझ्या बापाने बावटा काढला."

शेजारी बाहेर आले. कोणी म्हणालं बंदर बंद झालं. कोणी म्हणालं कप्तान गेला. ज्या वस्तीला बावटा चढलेला दिसत नव्हता, तिला तो उतरलेला मात्र लांबून दिसला. माणसं उतार चढून गेली, पुढे विहीणबाई. त्यांनी दारावर थाप मारली.

"मेलात की काय?"

दार उघडलं. कप्तानाच्या एका गालावर साबण वाळला होता, हातात दोराचं टोक होतं.

"दोर तुटला. दुसरा लावायचा होता."

"दुसरा? दुसरा पण असतो?"

त्याने पिशवीतून दुसरा बावटा काढला आणि उलगडला. त्या कोंदट खोलीत तो कोरा लाल रंग डोळ्यांत गेला. विहीणबाईंनी एकदा जमिनीवरच्या फडक्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"असा लाल असतो होय," त्या म्हणाल्या. मग मागे वळून लेकाला, "इंजिन गाडीवर टाक. सुनेला म्हणावं, डबे राहू देत, कागद आणि पाणी घे."

तिथून पुढचा कारभार त्यांनी पाहिला. होड्या खाडीत आत नेऊन बांधल्या. पत्र्यांवरून जाळी टाकून तिला दगड लावले. एका शेजाऱ्याने टीव्ही कपाटावर चढवला आणि स्वतः खाली खाटेवर पडून राहिला. त्याला उठवताना विहीणबाईंनी वापरलेले शब्द इथे देता येत नाहीत. कप्तानाने नवा बावटा काठीला बांधला आणि तो घेऊन ओळीतून फिरला. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सगळे त्याच्या विहिणीला भीत होते.

दिवेलागणीला वादळ आलं. शाळेच्या वरच्या मजल्यावर लेक एका हाताने बापाचा आणि एका हाताने सासूचा हात धरून बसली होती. कप्तानाने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. पत्रे उडाल्याचे आवाज आले, मग खांब पडल्याचा. सकाळी खालच्या ओळीत घरं नव्हती, जोती होती.

माणसं सगळी होती. ती का होती, याचं कारण कप्तान चहाच्या टपरीवर आता वेगळं सांगतो. लोकांना जाग यावी म्हणून आपण मुद्दाम बावटा उतरवला, असं तो म्हणतो. एका दैनिकाने त्याचा टोपीतला फोटोही छापला. साहेबांनी पाठ थोपटली. तुटलेल्या दोराचा विषय कोणी काढत नाही.

एक माणूस सोडून. घर नव्याने उभं राहीपर्यंत लेक, जावई आणि विहीणबाई कप्तानाच्या खोलीत राहतात. विहीणबाईंची खाट खिडकीशी आहे, आणि खिडकीतून नवा खांब दिसतो. जावयाने कप्पीला तेल घातलंय. परवा साधा एक बावटा चढला होता. दुपारी धोका टळल्याचा निरोप आला, तेव्हा कप्तान चहा ओतून घेत होता.

"व्याही," खाटेवरून आवाज आला, "फोन वाजून बराच वेळ झाला."

"चहा घेतो आणि जातो."

"चहा झाकून ठेवते मी."

कप्तानाने टोपी घातली आणि तो बाहेर गेला. उतरवताना पाहायला आता एक माणूस असतं.