पुढल्या नाताळाला बघू

त्या वर्षी माझी प्रार्थना आटली होती. तोंडाने शब्द म्हणायची, पण डोळे जायचे त्या फळीवर, जिथे एरवी आमचा पितळी डबा असायचा.

ख्रिस्ती झाल्यापासून मी संगमनेरला मिशनच्या शाळेत शिकवत होते. दादा नदीपलीकडच्या गावात शेती करायचा, घरचे देव सांभाळून. दर नाताळाला मी बाजाराला आलेल्या कुणाबरोबर त्याला डबाभर करंज्या पाठवायची आणि जेवायला बोलवायची. त्या तो खायचा की गाईला घालायचा, मी कधी विचारले नाही. निरोप ठरलेला, ‘औंदा गव्हाला पानी हाय, पुढल्या नाताळाला बगू.’ डबा मात्र रिकामा कधी आला नाही. कधी शेंगा, कधी गूळ. दादा येणार नाही हे मला त्यातून कळायचे, आणि मी अजून त्याची आहे हेही. तरी एक ताट मी जास्तीचे मांडायचीच. वेडी माया, दुसरे काय!

शाळेच्या मडमबाई मनाने फार चांगल्या. भाऊ येतो येतो म्हणतोय, नुसता हात द्यायला हवा, असे त्यांना वाटे. एका नाताळाआधी डबा घेऊन त्या स्वतःच गेल्या आणि येणार की नाही, एकच काय ते सांगा म्हणाल्या. दारी आलेल्या पाहुणीला दादा नाही कसे म्हणणार? ‘येतो,’ म्हणाला. बाई हरखून परतल्या. मला मात्र कळले, ‘बगू’ म्हणायची त्याची वाट आता बंद झाली.

दादा आला नाही. शब्द मोडल्यावर डबा तरी कोणत्या तोंडाने पाठवणार? उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, निरोप नाही. तो खोटे का बोलला, असे बाई कळवळून विचारायच्या. मला तर त्याच्या ‘बगू’ची भूक लागली होती.

पुन्हा नाताळ आला. करंज्या केल्या, पण बोलावणे धाडायचा धीर झाला नाही. प्रभूला म्हटले, दादाला इकडे आण असे आता म्हणत नाही. तो तुझाच आहे, तुझे तू बघ. मला नुसती त्याची खबर दे.

डोळे पुसते तोच दारात एक अनोळखी कासारीण उभी. पाठीवर बांगड्यांचे ओझे, हातात आमचा डबा.

“गव्हाला पानी हाय म्हन्ले तुमचं दादा,” ती म्हणाली. “पुढल्या नाताळाला बगू म्हन्ले.”

मी बोलावलेही नव्हते, तरी नकार आला होता. डब्यात गूळ होता. मी उंबऱ्यातच बसून रडले, आणि किती दिवसांनी प्रार्थना आपोआप ओठांवर आली. प्रभूही कितीजणांच्या दारी उभा राहून ‘बघू’ ऐकून घेत असेल. त्याला घाई नाही, मग मलाच कशाला?

कासारीण पुन्हा नदीपलीकडेच निघाली होती. मी डबा करंज्यांनी भरून तिच्या हाती दिला आणि म्हटले, दादाला सांगा, पुढल्या नाताळाला वाट बघते.