तिला सगळं कळत होतं

ठाण्याच्या बाळकुम नाक्यावर भावना भोईरचा फोटो लागलेला, चांगला दहा फूट उंच. ‘मालदीव येथे शिक्षिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या तीस-पस्तीस जणांची तोंडं. बी.एड. झालेली भोईरांच्या घरातली ही पहिलीच मुलगी. वडील काळुराम तरुणपणी मिठागरात राबलेले. आता खाडीकडच्या त्यांच्या जमिनीवर टॉवर उभा राहिलेला आणि त्यातच सातव्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. तो बॅनर लागला नसता तर भावना पहिल्याच महिन्यात सामान बांधून परत आली असती. पण गावाला काय तोंड दाखवणार? म्हणून दोन वर्षं काढली.

बेट एवढंसं की या टोकाहून त्या टोकाला चालत वीस मिनिटं. शाळेत तिच्याकडे नववी-दहावीचं गणित. गृहपाठ म्हणजे काय हे मुलांच्या गावीही नसे. भाजीची बोट आठवड्यातून एकदा यायची, समुद्र खवळला की तीही नाही. शाळेने खोली बघून दिलेली ती अमीनाथ नावाच्या बाईच्या घरात. अमीनाथ पन्नाशीची, अबोल. दोघींचं बोलणं इंग्रजीत, तेही दोन-तीन शब्दांचं. ‘मिस, ईट.’ ‘मिस, रेन कमिंग.’

रोज शाळेतून आली की भावना अंगणातल्या झोपाळ्यावर बसून आईला फोन लावायची. चार हातांवर अमीनाथ मासे साफ करत असायची. भावनाला त्याचं काही वाटत नसे. इथे मराठी कोणाला कळतंय?

“आई, वैताग आलाय गं! सुबह-शाम तोच मासा. अगं, आपण पण मच्छी खातो, पण ही नुसतं उबळलेलं पाणी पाजते. आणि पाण्याला बास मारतो. दिमाग खराब झालाय माझा.”

पलीकडून आई, शालू, म्हणायची, “काढ बाय, काढ दिवस.”

दिवस निघाले. शेवटच्या सकाळी अमीनाथ जेटीवर आलेली. भावना ‘थँक यू’ म्हणाली खरी, पण तिचं सगळं लक्ष बॅगा बोटीत नीट चढतायत की नाही याकडे होतं. महिन्याभरात जवळच्याच कोलशेतच्या एका शाळेत तिला नोकरी लागली आणि ते बेट ती विसरूनही गेली.

आठ महिन्यांनी अमीनाथचा मेसेज आला. म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन मुंबईत करायचं ठरलंय, हॉस्पिटलजवळ एखादं स्वस्त हॉटेल सुचवशील का? भावनाने दोन-तीन हॉटेलांची नावं शोधून ठेवली. काळुरामांच्या कानावर गेलं तसे ते भडकलेच.

“दोन वरीस पोरीला घरान ठेवली, न आता ती हाटेलान राहणार? मेलो का मी?”

अशी अमीनाथ म्हाताऱ्या आईला घेऊन बाळकुमला आली. शालूने सकाळपासून खाडीतल्या जिताड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्यांचा घाट घातलेला. पानं मांडली. पाहुणीशी बोलायचं तर आपल्याला जमेल तसं हिंदीच, म्हणून शालू म्हणाली, “बाई, हमारी भावना ने तुमको बहोत त्रास दिया ना?”

“नहीं दीदी,” अमीनाथ अगदी सहज म्हणाली. “अच्छी लड़की है. बस खाने का थोड़ा नखरा.”

सगळे हसले. भावनाच्या हातातला घास हातातच राहिला.

“तुम्हें हिंदी आती है?” तिने विचारलं.

“सीरियल देखती हूँ. बीस साल से.” अमीनाथने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून आधी आईला भरवला.

त्यानंतर काय जेवलो, ते चांगलं होतं की नाही, भावनाला काही कळलं नाही. तिची मराठी तरी कसली मराठी! अर्धी हिंदी. सुबह-शाम, दिमाग, बास. ज्याला हिंदी येते त्याला काय कळायचं राहिलं असेल?

आणि मग एकेक आठवायला लागलं. मच्छीवरून ती आईजवळ रडली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ताटात बटाट्याची भाजी होती. कोथिंबीर मिळत नाही म्हणाली, तर पुढच्या बोटीने जुडी आलेली. नळाच्या पाण्याला वास येतो म्हणाली, तेव्हापासून खोलीच्या दाराशी टाकीतल्या पावसाच्या पाण्याची बाटली भरलेली असायची. भावनाला वाटायचं, नशीब, आज जरा बरं मिळालं. आणि ती नवीन तक्रार काढायची. एप्रिलमध्ये टाकी तळाला गेली होती तेव्हा ते पाणी घरात आणखी कोणी पीत होतं का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी आत झोपलेली आणि अमीनाथ गॅलरीत उभी राहून खाडीकडे बघत होती. भावना तिच्याजवळ गेली.

“सब समझती थीं, तो बोली क्यों नहीं?”

“क्या बोलती? तू दिनभर अंग्रेज़ी बोलती थी. शाम को माँ के साथ दिल खोलती थी. मैं बोल देती, तो वो भी बंद.”

“मैंने तुम्हारे बारे में इतना बुरा बोला...”

“हाँ, बोला,” अमीनाथ म्हणाली. “शुरू में बहुत बुरा लगा. एक बार सोचा, स्कूल में बोल दूँ, दूसरा घर देख लो. फिर तू बुखार में पड़ी तब भी माँ को ही बुला रही थी. तब गुस्सा चला गया.”

‘काही वाटलं नाही’ असं ती म्हणाली असती तर भावनाला सुटल्यासारखं झालं असतं. पण वाटलं होतं. आणि तरी रोजचं ताट, रोजची बाटली चुकली नव्हती. भावनाने तिचा हात धरला. “माफ करो,” एवढंच बोलली. अमीनाथने हात सोडवून घेतला नाही.

पंधरा दिवसांनी ऑपरेशन होऊन म्हातारीला दिसायला लागलं. भावनाने शाळेत रजा टाकली आणि दोघींना विमानतळावर सोडायला स्वतः गेली. गाडीत बसल्यावर इतके दिवस मनात घोळत असलेलं तिने विचारून टाकलं.

“बच्चों को भी हिंदी आती है?”

“थोड़ी-थोड़ी सबको,” अमीनाथ हसली. “सब टीवी देखते हैं.”

भावनाला शिफा आठवली. दहावीतली, नेहमी मागच्या बाकावर बसणारी मुलगी. फळ्यावरचं गणित तिला चौथ्यांदाही येईना, तेव्हा भावना स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाली होती, “हिच्या दिमागमध्ये फक्त समुद्राचं पाणी भरलंय.” वर्गात कोणीतरी फिसकन हसलं होतं. कशाला हसलं, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं. त्यानंतर शिफाने एकदाही हात वर केला नाही. भावनाने तिच्या प्रगतिपुस्तकात ‘आळशी आहे’ असं लिहिलं होतं.

विमानतळावर तिने अमीनाथला पुन्हा थँक यू म्हटलं. अमीनाथ आईच्या व्हीलचेअरसाठी इकडे-तिकडे बघत होती, तिला ऐकू गेलं नाही. मग भावनाने आधी व्हीलचेअर मिळवून आणली, म्हातारीला नीट बसवलं, आणि अमीनाथच्या समोर उभी राहून परत म्हणाली. मराठीतच म्हणाली, “दोन वर्षं तुम्ही मला सांभाळलंत. मी कधी बघितलंच नाही.”

“समझ गई,” अमीनाथ म्हणाली आणि आत गेली.

घरी येऊन तिने अमीनाथला मेसेज करून शिफाचा नंबर मागवून घेतला. मेसेज लिहायला तासभर लागला. तू आळशी नव्हतीस, चूक माझी होती, अजूनही गणितात काही अडलं तर मला विचार, असं साध्या इंग्रजीत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘ओके मिस.’

एवढंच. भावनाने ते दहा वेळा वाचलं. शालू विचारत होती, “काय बोलली गं?” “ओके म्हणाली. गणित काही विचारलं नाही,” भावना म्हणाली.