भिकाच्या घरची सारवलेली भिंत

रानशेतच्या आमच्या पाड्यावर भिकाला सगळे ‘पंपवाला’ म्हणत. पावसाळ्याआधी मलेरियाच्या फवारणीला रोजंदारीवर जाणारा हा माणूस. हाती पंप आला की त्याच्या अंगात साहेब शिरायचा. दारोदार बजावायचा, “अडीच महिने भिंत सारवू नका. औषध शेणाखाली गेला त मच्छर मरल कसा?” बायका पदराआड हसायच्या. मी इथला शाळामास्तर, मीही त्याची नक्कल करून लोकांना हसवलं आहे. आता त्याची लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याने स्वतःचं घरही फवारलं. कुडाच्या भिंतींवर पांढरे डाग पडले. आठ दिवसांवर एकुलत्या मुलाचं, मिथुनचं लग्न होतं, आणि लग्नाचा चौक, म्हणजे तांदळाच्या पिठाने काढलेलं देवीचं चित्र, ताज्या सारवलेल्या भिंतीवरच लिहायचा असतो. भिकाच्या बायकोने, शुक्रीने, शेण कालवलं.

“सून येल ती काय डागाच्या घरात येल?” ती म्हणाली.

गावभर तोंड चालवणारा भिका घरात मूग गिळून बसला. त्यालाही चौक हवाच होता. शुक्रीने चारी भिंती सारवल्या, वर गेरू दिला. घरातली एकमेव मच्छरदाणी तिने नव्या जोडप्याला दिली.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तिला थंडी वाजून ताप आला. “आवणी उरकू दे, मंग जाऊ,” म्हणत ती चिखलात वाकत राहिली. तिसऱ्या दिवशी तिची शुद्ध गेली. जीपने कासाच्या दवाखान्यात नेलं. रक्तात मलेरिया निघाला. डॉक्टरांनी शर्थ केली, पण दुसऱ्या दिवशी शुक्री गेली.

तिच्या दिवसकार्याला बायका घर सारवायला आल्या, तर भिका उंबऱ्यात आडवा उभा.

“भिंतीला हात नाय लावायचा.”

“मामा,” सून चंद्रिका हळूच म्हणाली, “औषध त कवाच गेला. आता सारवला त काय होल?”

“तिची बोटां हायेत ती,” तो म्हणाला. शेणात शुक्रीच्या बोटांचे वळसे वाळले होते. त्यांवर हात ठेवून तो हमसून हमसून रडला. आम्हा कुणाला त्याच्याकडे बघवेना.

भिका अजून फवारणीला जातो. आता बजावत नाही. आधी विचारतो, “घरात लगीन हाय काय?” असेल तर म्हणतो, “पयला सारवून घ्या, चौक लिवा. मंग मी फवारायला फिरून येतो.” आणि खरंच फिरून येतो.

परवा मी त्याला म्हटलं, “भिका, हे चांगलं करतोस.”

तो पंप धूत होता. मान वर न करता म्हणाला, “मास्तर, माझेच घरी मी फिरून गेलो नाय.”