सात नंबरचा खांब

विमलताई ढोक खांबांना किल्लीने ठोकत असत. रोज सकाळी दूध आणायला खाली उतरल्या की पार्किंगमधल्या सोळाही खांबांपाशी थांबायच्या, घराच्या किल्लीने दोनदा टकटक करायच्या आणि कान लावायच्या. हुडकेश्वरच्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना मागून ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. मीही म्हणायचो. मी सोसायटीचा सेक्रेटरी आणि माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बरोबर सात नंबरच्या खांबावर. म्हणून एकदा हसत हसत विचारलं, काय म्हणतात तुमचे पेशंट? त्या हसल्या नाहीत. “बाकीचे बरे हायेत भाऊ. तुमच्या खालचा भद्द वाजून राहिला,” एवढं बोलून त्या दूध घ्यायला गेल्या.

त्या मूळच्या कळमेश्वरकडच्या. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये तीस वर्षं त्यांनी काँक्रीटचे ठोकळे फोडले होते. बांधकामावरून आलेला ठोकळा मशीनखाली ठेवायचा, दाब वाढवत न्यायचा आणि तो किती दाबाला फुटला ते लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. साहेब काट्याकडे बघायचे, या आवाज ऐकायच्या. “फुटाच्या आधी तो सांगते जी. आपणच आयकत नाही,” असं त्या म्हणायच्या. मला तेव्हा ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

राहायला आलो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सात नंबरच्या खांबाला खालून वर तिरपी भेग पडली. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, हे सगळ्यांना ठाऊक. बिल्डरच्या माणसानेही तेच सांगितलं, पुट्टी भरली आणि रंग मारून गेला. पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा आली. पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग. तिसऱ्या खेपेला मात्र विमलताईंनी भेगेवर एक पातळ काचपट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली आणि काचेवर तारीख लिहिली. मी विचारलं तेव्हा समजावून सांगितलं. काच वाकत नाही. खांब केसभर जरी सरकला तरी ती फुटते, आणि ती फुटली की भेग पुट्टीने भागणारी नाही हे बिल्डरलाही कबूल करावं लागतं.

कायदा त्यांनी पाठ केला होता. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दोष लेखी कळवला, तर बिल्डरला तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो, नाहीतर त्याच्यावर दावा लावता येतो. त्यांनी स्वतः पत्र लिहून पाहिलं. उत्तर आलं की खांब सगळ्यांचा आहे, सोसायटीचा ठराव आणि सेक्रेटरीच्या सहीचं पत्र पाठवा. म्हणजे गाडी माझ्यापाशी येऊन थांबली.

सभा बोलावली. कोरम भरला नाही. नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा बसलो तर सहा माणसं. तिसऱ्या मजल्यावरचे वानखेडे म्हणाले, भेगेचा शब्द एकदा कागदावर आला की या बिल्डिंगमध्ये कोणी फ्लॅट घेणार नाही. ते माझ्या सोयीचंच होतं; मला तर फ्लॅट विकून मुलीकडे पुण्याला जायचं होतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘विषय पुढील सभेत घ्यावा.’ पुढच्या सभेतही हेच लिहिलं.

मग एक गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं. आदल्या दिवशी मी जिन्याजवळचा नोटीस बोर्ड काढला आणि सात नंबरच्या खांबावर लावला. काच, भेग, तारीख, सगळं झाकलं. विमलताई दूध घेऊन आल्या आणि बोर्डासमोर उभ्या राहिल्या. “भाऊ, आता मी काच कशी पाहू?” मी म्हणालो, दोन दिवसांचा प्रश्न आहे. गिऱ्हाईकाला घर पसंत पडलं नाही, पण दुसरं कोणी येईल म्हणून बोर्ड तिथेच राहिला. त्या बोर्डाच्या कडेला किल्ली वाजवत राहिल्या. तो काढायचा हक्क फक्त सेक्रेटरीला आहे, असं मीच त्यांना ऐकवलं होतं.

फेब्रुवारीत त्या घरी आल्या. पत्र स्वतःच्या हाताने लिहून आणलं होतं. ठराव मागून मंजूर करून घेता येईल, तुम्ही फक्त सही-शिक्का करा म्हणाल्या. मार्चअखेरीला पाच वर्षं पुरी होत होती. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. जाताना दारात थांबून माझ्या बायकोला म्हणाल्या, “स्वयंपाकघराची फरशी आवाज करू लागली, तर सामान नको पाहू वं. निंघून जाजो.” मला राग आला होता. भीती वाटली म्हणून राग आला होता, हे आता कळतं.

मे महिन्यात, उन्हाच्या तडाख्यात, त्या झोपेतच गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रद्धांजलीची सूचना लावायला मी खाली गेलो. बोर्डाचं दार उघडेना, म्हणून आख्खा बोर्डच खाली उतरवला. मागे काचेचे दोन तुकडे होते. दोहोंमध्ये नख सहज जाईल एवढी फट. काच मार्चच्या आधी फुटली की नंतर, हे सांगू शकणारी एकच बाई होती आणि तिला दिसू नये म्हणून बोर्ड मी लावला होता.

संध्याकाळी शोकसभेला सगळे आले. सोसायटीचा कोरम पहिल्यांदा भरला. मी बोर्ड परत लावला नव्हता. वानखेड्यांनी काच पाहिली, वर छताकडे पाहिलं आणि लेकीचा हात धरून तिला खांबापासून लांब नेलं. मी तिथेच खांबाचा ठराव मांडला. विरोधात कोणी बोललं नाही. ठराव मंजूर झाला. मी वर जाऊन ड्रॉवरमधलं पत्र आणलं, सही केली, शिक्का मारला. तारखेची जागा त्यांनी माझ्यासाठी कोरी सोडली होती. वानखेडे कानाशी येऊन म्हणाले, मार्चची टाका.

खिशात घराची किल्ली होती. मी ती खांबावर दोनदा वाजवली आणि कान लावला. मग पत्रावर आजची तारीख टाकली.